सेल्फ बदलण्याआधी वीज कुठे मुरते ते मोजा

वाचकाचं पत्र: माझी पेट्रोल गाडी पाच वर्षांची आहे. बॅटरी साधी, ४५ अँपिअर-तासांची. गाडी रोज काढली तर काही तक्रार नाही. पण तीन दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक होतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली की लगेच सुरू होते. गॅरेजवाल्यांनी आधी बॅटरी बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र) बदलला. महिन्याने पुन्हा तेच. आता म्हणतात, सेल्फ वीज खातोय, तोही बदला. जुना अल्टरनेटर मागितला तर "तो भंगारात गेला". हे सगळं सुरू व्हायच्या दीडेक महिना आधी मी दुसऱ्या दुकानातून मोठ्या पडद्याची म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा आणि डॅशकॅम बसवून घेतला होता. त्याचा संबंध असेल का? आणि अल्टरनेटरचे पैसे परत मागता येतील का?

उत्तर:

सेल्फला हात लावू देऊ नका. तुमच्याच पत्रात त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा आहे: दुसरी बॅटरी जोडली की गाडी लगेच उठते. सेल्फ बिघडलेला असता तर तो बाहेरच्या बॅटरीवरही कुरकुरला असता, आणि रोज गाडी काढतानाही अधूनमधून दगा दिला असता. शिवाय सेल्फला वीज लागते ती चावी फिरवलेली असते तेवढाच वेळ. गाडी उभी असताना तो वीज खातो असं म्हणायचं, तर त्याच्या सोलेनॉइडमध्ये (सेल्फच्या मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) किंवा जाड केबलमध्ये गळती दाखवावी लागेल. ती क्वचितच सापडते, आणि मोजल्याशिवाय तर कधीच नाही.

आवाजाकडेही लक्ष द्या. भराभर टक-टक-टक याचा अर्थ सोलेनॉइड ओढला जातो, मोटरने वीज मागताच बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतो, सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. ही रिकाम्या बॅटरीची भाषा. एकच ठणठणीत "टक" आणि पुढे शांतता, दिवे मात्र लख्ख, असं असतं तर सेल्फवर संशय घेतला असता.

आता आकडे, कारण या तक्रारीत अर्धं निदान हिशेबातच होतं. रोज वापरातली ४५ अँपिअर-तासांची बॅटरी सहसा काठोकाठ भरलेली नसते, ८० टक्के धरा, म्हणजे ३६. साधारण पाव भाग उरला की इंजिन फिरवायचा दम संपतो, म्हणजे ११-१२. मधले २४ अँपिअर-तास ७२ तासांत गेले. भागाकार केला की उत्तर येतं ०.३३ अँपिअर. गाडी कुलूपबंद, झोपलेली असताना घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनच्या कंट्रोल युनिटची स्मृती यांसाठी २० ते ५० मिलिअँपिअर लागतात आणि ते रास्त आहेत. ५० मिलिअँपिअरने तीन दिवसांत ३.६ अँपिअर-तास जातात, बॅटरीला कळतही नाही. तुमच्या गाडीत त्याच्या सहा-सात पट वीज कुठेतरी मुरते आहे.

या आकड्यावरून बरेच संशयित आपोआप सुटतात. ब्रेकचा २१ वॅटचा दिवा चालू राहिला तर १.७५ अँपिअर जातात आणि सकाळीच गाडी बसते, तीन दिवस लागत नाहीत. सगळं ठीक असूनही बॅटरीच म्हातारी असती तर ती नवी टाकल्यावर त्रास थांबायला हवा होता. सुमारे ४ वॅट, दिवसरात्र, असं काय काय असू शकतं? डिकीतला किंवा ग्लोव्ह बॉक्समधला ५ वॅटचा बल्ब (०.४२ अँपिअर, दिवसाला १० अँपिअर-तास). पार्किंग मोडमध्ये, म्हणजे उभ्या गाडीतही चित्रण करत, जागा राहिलेला डॅशकॅम. पूर्ण न झोपणारी म्युझिक सिस्टीम. आणि अल्टरनेटरचा गळका डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). हो, तोसुद्धा. गॅरेजवाल्यांनी अल्टरनेटरवर घेतलेला संशय हास्यास्पद नव्हता. पण तो खरा की खोटा हे पाच-दहा मिनिटांत ठरवता येतं, आणि ते त्यांनी ठरवलं का, हा तुमच्या पैशांच्या प्रश्नाचा गाभा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

मोजायच्या आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी असेल तर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, कोरडं करून, हाताने हलणार नाही इतपत आवळा. चार्जर काढल्यावर काही तास बॅटरी तशीच राहू द्या. लगेच मोजलेला व्होल्टेज फुगलेला असतो. घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग मल्टिमीटरने (व्होल्ट, अँपिअर मोजणारा छोटा मीटर) मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ च्या आसपास म्हणजे संपलेली. चावी फिरवताना हाच मीटर ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये.

इथे एक वाईट बातमी. नवी म्हणून बसवलेली तुमची बॅटरी एव्हाना किमान दोनदा पूर्ण उतरली आहे. साध्या बॅटरीला हे अजिबात सोसत नाही. प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि क्षमता कायमची घटते. त्यामुळे गळती सापडली तरी बॅटरीची लोड टेस्ट किंवा कंडक्टन्स टेस्ट करून घ्यावीच लागेल. टेस्टरवर येणारा सीसीएचा (थंडीत इंजिन फिरवायच्या ताकदीचा) आकडा बॅटरीवर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा.

तुमच्याकडे मल्टिमीटर नसेल तर आधी फुकटातले दोन प्रयोग. फोनवर व्हिडिओ सुरू करा, फोन डिकीत ठेवा, झाकण लावा, दोन मिनिटांनी बाहेर काढा. दिवा विझला की नाही ते फोन सांगेल. तेच ग्लोव्ह बॉक्समध्ये. दुसरा प्रयोग जरा लांबलचक: बॅटरी पूर्ण भरा, म्युझिक सिस्टीमचा फ्यूज काढा आणि गाडी पाच दिवस हलवू नका (काठोकाठ भरलेली बॅटरी गळती असूनही चारेक दिवस तग धरू शकते). सुरू झाली तर गुन्हेगार जवळपास सापडला. नाही झाली तर पुन्हा भरून डॅशकॅमचा फ्यूज काढा. दोन्ही एकदम काढलेत तर गाडी सुरू होईल, पण दोघांपैकी कोण ते कळणार नाही, आणि भांडायचं असेल तर नेमकं तेच कळायला हवं. (या प्रयोगात बॅटरी आणखी एकदा उतरू शकते, म्हणून मीटर मिळत असेल तर सरळ मोजा.)

मोजण्याची पद्धत नीट सांगतो, कारण यातच बहुतेकांचा घोळ होतो.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत घाला आणि चक्री डीसी अँपिअरवर ठेवा. आधी मीटरच तपासा: सुट्या बॅटरीवर ५ वॅटचा बल्ब मीटरमधून जोडला की ०.४ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. मीटरच्या आतला फ्यूज उडालेला असेल तर तो शून्य दाखवतो, आणि माणूस "गळती नाही" असं समजून निवांत होतो. चिमटा मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा आणि मिलिअँपिअर दाखवणारा हवा. घरगुती वायरिंगसाठी मिळणारे बरेचसे चिमटे फक्त एसी मोजतात. ते इथे निरुपयोगी.

गाडीच्या काचा खाली करा. बॉनेट उघडं ठेवा, पण त्याच्या आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटेल. (काम झाल्यावर दाराचं हँडल ओढून ती जीभ सोडवा, मगच दार लावा, नाहीतर कुलूप मोडेल.) चावी काढून रिमोटने कुलूप लावा. आता बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरचा तात्पुरता पूल बांधा, दोन्ही टोकांना चिमटे लावून. मग क्लॅम्प सैल करून उचला. वीज पुलावरून चालू राहते, त्यामुळे गाडीतली युनिटं दचकून जागी होत नाहीत. मीटर याच दोन जागांमध्ये, पुलाला समांतर जोडा. आणि थांबा. किती? किमान अर्धा तास, काही गाड्यांना एक तास. कुलूप लावल्यावर लगेच गाडी काही अँपिअर ओढत असते, हळूहळू एकेक युनिट झोपी जातं. दहाव्या मिनिटाला १ अँपिअर बघून "सापडली गळती" म्हणणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत.

तासाभराने पुलाचा एक चिमटा काढा. आता सगळी वीज मीटरमधून जाईल आणि खरा आकडा दिसेल. स्वस्त मीटरची १० अँपिअरची खाच काही सेकंदच जास्त विद्युतप्रवाह सोसते, म्हणून तर तो पूल. या अवस्थेत दार उघडायचं नाही, काच वर-खाली करायची नाही आणि सेल्फ तर मारायचाच नाही. सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. मीटरचा फ्यूज क्षणात जाईल.

०.०५ च्या खाली आकडा आला तर गळती त्या वेळी नाही. पण लगेच मीटर गुंडाळू नका, आणखी अर्धा तास बघा. काही उपकरणं मधूनच जागी होतात आणि पुन्हा झोपतात. ०.३ च्या आसपास आला, तर हिशेब जुळला.

पुढचं काम, कोणत्या वाटेने वीज जाते ते शोधणं. जुनी रीत अशी की एकेक फ्यूज उपटायचा आणि मीटरचा आकडा कधी पडतो ते बघायचं. जुन्या गाड्यांना ती ठीक होती. आताच्या गाडीत फ्यूज काढून परत घातला की ते युनिट जागं होतं, शेजाऱ्यांनाही जागं करतं, आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. कधी कधी अडकून जागं राहिलेलं युनिट या झटक्याने भानावर येतं आणि दोष लपून बसतो. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजा. फ्यूजलाही किंचित विरोध असतोच. १० अँपिअरच्या छोट्या पात्याच्या फ्यूजचा विरोध सुमारे साडेसात मिलिओहम, म्हणून ०.३ अँपिअर वाहत असेल तर दोनेक मिलिव्होल्ट दिसतात. २० अँपिअरच्या फ्यूजचा विरोध त्याच्या निम्म्याहून कमी, तिथे जेमतेम १. ज्या सर्किटमध्ये काहीच वाहत नाही तिथे शून्य. ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवणारा मीटर हवा, आणि फ्यूज बॉक्स दोन्ही बघायचे: बॉनेटखालचा आणि डॅशबोर्डखालचा. आतला बॉक्स बघायला दार उघडावं लागणार असेल तर मीटर लावायच्या आधीच ते उघडून, जीभ ढकलून ठेवा.

सगळ्या फ्यूजवर शून्य, तरी एकूण आकडा ०.३ असं निघालं, तर वीज अशा वाटेने जाते आहे जिच्यावर गाडीचा छोटा फ्यूजच नाही. अशा वाटा तीन: सेल्फची केबल, अल्टरनेटरची जाड वायर, आणि कोणीतरी बॅटरीवरून थेट ओढलेली वायर. अल्टरनेटरचा निकाल इथेच लागतो. निगेटिव्ह केबल पूर्ण सोडा, अल्टरनेटरच्या मागची जाड पॉझिटिव्ह वायर काढा, टोकाला इन्शुलेशन टेप गुंडाळा, आणि पुन्हा मोजा. गळती थांबली तर डायोड दोषी. नाही थांबली तर अल्टरनेटर निर्दोष. सेल्फची केबलही याच रीतीने तपासता येते, म्हणजे "सेल्फ वीज खातोय" हे वाक्य खरं की खोटं तेही कळेल. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलांवर एसी व्होल्ट मोजले तरी डायोडचा अंदाज येतो: ०.१ च्या आत असेल तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेला समजा. आणि हो, चालू इंजिनात बॅटरीची केबल काढून "बघा, गाडी बंद पडते का" ही परीक्षा कोणालाही करू देऊ नका. केबल सुटताच व्होल्टेज उसळतो आणि कंट्रोल युनिट जळू शकतं.

तुमच्या प्रकरणात मात्र पैज लावायची तर ती म्युझिक सिस्टीमवर. बाहेरून बसवलेल्या सेटला तीन मुख्य वायरी असतात. प्रचलित रंगांप्रमाणे पिवळी कायम १२ व्होल्टची, लाल चावी फिरवल्यावर येणाऱ्या विजेची आणि काळी अर्थिंगची. चावी काढलेली असताना पिवळीतून फक्त स्मृतीपुरती वीज जायला हवी. सेट जागा व्हायचा की झोपायचा हे लाल वायर ठरवते. अनेक आधुनिक गाड्यांत मूळ सेटच्या सॉकेटमध्ये चावीवरची वीज येतच नाही, "चावी फिरली" हा निरोप डेटा लाइनवरून (गाडीतली युनिटं एकमेकांशी जिच्यावरून बोलतात ती वायर) येतो. घाईतला फिटर लाल वायर शोधत बसत नाही, ती पिवळीलाच पिळून टाकतो. मग चावी काढल्यावर पडदा काळा होतो, कारण मालक बटणाने तो बंद करतो, पण सेट आतून जागाच. दुसरी शक्यता, वायरिंग बरोबर आहे पण सेटिंगमध्ये झटपट सुरू होण्याची सोय चालू आहे. तीही सेटला अर्धवट जागं ठेवते. तिसरी, सेटसोबत येणारा, डेटा लाइनवरचे निरोप सेटला समजावून देणारा डेटा डिकोडरचा छोटा डबा स्वतः झोपत नाही आणि गाडीच्या मूळ युनिटांनाही झोपू देत नाही. या तिसऱ्या प्रकारात फ्यूजवर मोजताना चार-पाच ठिकाणी थोडी थोडी वीज दिसते आणि माणूस चक्रावतो. सेटच्या पाठीवर १० किंवा १५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज असतो. तो काढून तासाभराने एकूण आकडा मोजला की तिन्ही शक्यतांचा एकत्र निकाल लागतो. वेगळा अँप्लिफायर बसवला असेल तर त्याची निळी किंवा निळी-पांढरी रिमोट वायर कायम विजेला बांधलेली नाही ना, तेही बघा.

डॅशकॅमचं सोपं आहे. तो लायटरच्या सॉकेटमध्ये असेल आणि ते सॉकेट चावी काढल्यावर मरत असेल तर तो सुटला. थेट फ्यूज बॉक्सवरून जोडला असेल तर त्याच्या किटवर कमी व्होल्टेजला बंद होण्याची पातळी निवडायची सोय असते. ती ११.६ किंवा ११.८ वर ठेवली असेल तर कॅमेरा बॅटरी रिकामी करूनच थांबणार, १२.४ वर ठेवा. रिव्हर्स कॅमेऱ्याची वीज रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतलेली असेल तर त्याला विसरा.

आता पैशांचं.

सर्वात आधी स्वतःचं जॉब कार्ड (गाडी घेताना गॅरेजने लिहिलेला कामाचा कागद) काढून बघा. तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलं आहे? "तीन दिवस उभी राहिल्यावर सुरू होत नाही" असं असेल तर तुम्ही लक्षण सांगितलं आणि कारण शोधण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. "बॅटरी बदलणे", "अल्टरनेटर बदलणे" एवढंच असेल आणि खाली तुमची सही असेल, तर ते म्हणतील की गिऱ्हाइकाने सांगितलं ते काम आम्ही केलं, आणि त्यात तथ्य आहे. तुमची बाजू किती भक्कम हे बहुतांशी या एका ओळीवर ठरतं.

बॅटरीच्या पैशांचा नाद सोडा. पाच वर्षांची बॅटरी तशीही निवृत्तीला आली होती. ती बदलणं चूक ठरवता येणार नाही. अल्टरनेटरबाबत मात्र जोरात विचारा, आणि नेमकं विचारा: बदलण्याआधी चार्जिंगचा व्होल्टेज किती होता? जाड वायर काढून गळती मोजली का, आकडा काय आला? एसी व्होल्ट किती होते? काम केलेल्या माणसाला हे आकडे, निदान ढोबळ, सांगता येतात. "आम्हाला अनुभव आहे", "या मॉडेलला असंच होतं" ही उत्तरं आली तर मोजमाप झालेलं नाही हे उघड आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ व्होल्ट मिळत होते आणि चार्जिंगचा लाल दिवा कधी लागला नव्हता, तर जुना अल्टरनेटर चार्जिंग करत होता. उरला प्रश्न गळतीचा, आणि अल्टरनेटर बदलूनही ती तशीच राहिली म्हणजे ती जुन्या अल्टरनेटरची नव्हती. पार्ट भंगारात गेला असला तरी हा युक्तिवाद तुमच्याकडे आहे.

आणखी एक तपासा. बसवलेला अल्टरनेटर खरंच नवा आहे का? त्याच्या लेबलाचा फोटो काढा, पार्ट नंबर आणि अँपिअरचा आकडा बिलाशी ताडून बघा. दुरुस्त केलेला अल्टरनेटर देताना जुना बदल्यात घेण्याची रीत असते. "भंगारात गेला" याचा अर्थ कधी कधी "बदल्यात गेला" असा असतो. बिलावर नवा आणि गाडीत दुरुस्त केलेला निघाला, तर ती चुकीच्या निदानापेक्षा मोठी आणि सिद्ध करायला सोपी तक्रार आहे.

दोष म्युझिक सिस्टीमचा निघाला की दोन्हीकडून हात झटकले जातील याची तयारी ठेवा. गॅरेज म्हणेल, ती आम्ही बसवली नव्हती. बसवणारा म्हणेल, दीड महिना नीट चालली होती. त्या दीड महिन्यात गाडी सलग तीन दिवस उभी होती का, हे आठवून लिहून ठेवा. रोज फिरत असेल तर दोष पहिल्या दिवसापासूनचाच, फक्त दिसला उशिरा. गॅरेजने दोष निर्माण केला नाही हे खरंच आहे. त्यांची चूक आहे ती न मोजता पार्ट बदलल्याची, आणि मागणीही तेवढीच ठेवा.

म्हणून मोजमाप त्रयस्थ ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्याच्याकडून कागदावर हे घ्या: तारीख, किलोमीटरचा आकडा, बॅटरीचा व्होल्टेज, झोपलेल्या गाडीचा विद्युतप्रवाह आधी किती, कोणती वायर किंवा फ्यूज काढल्यावर किती. मीटरचा आकडा आणि काढलेला फ्यूज एकाच फोटोत यायला हवा. लाल-पिवळी वायर पिळलेली सापडली तर सोडवण्याआधी फोटो काढा. बसवलेला अल्टरनेटर तोपर्यंत कोणालाही उघडू देऊ नका. मग गॅरेजला लेखी कळवून प्रत्यक्ष बघायची एक संधी द्या. प्रकरण पुढे ग्राहक तक्रारीपर्यंत गेलं तर तुम्ही ही संधी दिली होती का, हे आधी विचारलं जाईल. पत्र इतकंच पुरे:

"अमुक तारखेला 'तीन दिवस उभी राहिल्यावर गाडी सुरू होत नाही' या तक्रारीसाठी गाडी दिली. अमुक तारखेला आपण अल्टरनेटर बदलला. तक्रार कायम राहिली. अमुक तारखेच्या तपासणीत उभ्या गाडीतील विद्युतप्रवाह ०.३३ अँपिअर आढळला. म्युझिक सिस्टीमचा फ्यूज काढल्यावर तो ०.०३ झाला. तपासणीचा कागद व फोटो सोबत आहेत. अल्टरनेटर बदलण्यापूर्वीची मोजमापे लेखी द्यावीत. ती नसल्यास त्या कामाची मजुरी परत करावी आणि पार्टच्या रकमेबाबत तोडगा सुचवावा. गाडी तपासायची असल्यास पंधरा दिवसांत वेळ कळवावी."

आकडे अर्थातच तुमचे घाला. पार्टचे पूर्ण पैसे परत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका, कारण नवा अल्टरनेटर तुमच्या गाडीत आहे आणि तुम्ही तो वापरणार आहात. मजुरी परत आणि पार्टच्या काही रकमेचं पुढच्या कामात वळतं करणं, इथे अशी प्रकरणं बहुधा मिटतात. जुना अल्टरनेटर अजून त्यांच्याकडे असेल आणि बाकावरच्या चाचणीत चांगला निघाला, तर तो परत बसवून नवा घेऊन जा असंही म्हणता येईल. पण त्यात दोनदा खोलाखोल आहे, फायदा जेमतेम.

हे सगळं होईपर्यंत गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. घड्याळ आणि काचांची आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा लावावी लागेल, काही सेट कोड मागतील, तो आधी शोधून ठेवा. आणि रोज पंधरा मिनिटं इंजिन जागच्या जागी चालू ठेवून बॅटरी भरत बसू नका. दोन सेकंद सेल्फ मारायला एक दशांश अँपिअर-तासही लागत नाही, तो चटकन भरून येतो. पण मुरलेले २०-२४ अँपिअर-तास भरायला तासन्‌तास लागतात, कारण बॅटरी भरत आली की ती वीज कमी कमी घेते. त्यापेक्षा चार्जर लावा.

गळती बंद केल्यावर खात्री करायची ती अशी: पूर्ण भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज लिहून ठेवा, गाडी तीन दिवस उभी करा, दार उघडायच्या आधी पुन्हा मोजा. उतार ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर काम झालं. विद्युतप्रवाह ०.०५ च्या आत येऊनही व्होल्टेज १२.३ पर्यंत घसरला, तर आता बॅटरी स्वतःच आतून उतरते आहे.